दूरचित्रवाणीची नवी पद्धत : शेतकरी कुटुंबांनी काय करावे

खरीप हंगामाच्या पूर्वतयारीसाठी लेण्याद्रीच्या पायथ्याशी शेतकऱ्यांची एक बैठक भरली होती. बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा आणि पेरणीची वेळ यांविषयी सांगून झाल्यावर नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मी शेवटी म्हटले, "हवामानाचा अंदाज आणि पिकांविषयीचा सल्ला दूरदर्शनवर रोज पाहत जावा." त्यावर मागच्या रांगेतील एक वयस्क शेतकरी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, काठीवर अँटेना हाय, घरात टीव्ही हाय, पण लावला की नुसत्या मुंग्या दिसत्यात. मग बघायचं काय?"

बैठकीत अधिक चौकशी केली तेव्हा निरनिराळ्या अडचणी पुढे आल्या. कोणाकडे केबल होती, परंतु दरमहाचे पैसे परवडेनात म्हणून ती बंद पडली होती. कोणी घरावर छत्री बसवून घेतली होती, पण गेल्या पावसाळ्यापासून तिच्यावर चित्र येत नव्हते. कित्येकांनी संच बिघडला असे समजून तो कापडाखाली झाकून ठेवला होता. वास्तविक त्यांपैकी बहुतेक संच चांगले असावेत. बिघडली नव्हती, तर बदलली होती ती चित्र पाठविण्याची पद्धत. कार्यक्रम पाहा असे आम्ही विस्तार कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आलो. तो कोणत्या वाटेने घरात पोहोचतो, आणि ती वाट अजून चालू आहे काय, हे मात्र आम्ही विचारले नाही. ही उणीव आमची होय. ती थोडीफार भरून काढावी या हेतूने प्रस्तुत माहिती देत आहे.

जुनी पद्धत

महाराष्ट्रात दूरचित्रवाणीचे केंद्र मुंबई येथे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी, म्हणजे १९७३ साली, सिंहगडावरील मनोऱ्यावरून पुणे परिसरासाठी प्रक्षेपण होऊ लागले. या पद्धतीत चित्र आणि आवाज विद्युत्‌तरंगांवर आरूढ करून मनोऱ्यावरून चोहीकडे सोडीत असत. घरावरील ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना ते तरंग पकडी व संच त्यांचे पुन्हा चित्र करी. या पद्धतीला 'ॲनालॉग' असे म्हणतात.

हिची तुलना उघड्या पाटाने सोडलेल्या पाण्याशी करता येईल. पाटाच्या मुखाशी पाणी भरपूर असते. पुढे जाता जाता ते झिरपते, त्यात गाळ मिसळतो, आणि शेवटच्या शेतकऱ्याला थोडे व गढूळ पाणी मिळते. परंतु काही तरी मिळते. सिंहगड लेण्याद्रीपासून सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटर दूर असून मध्ये डोंगरांच्या रांगा आहेत. इतक्या अंतरावर तरंग क्षीण होत जातात, आणि डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाडीत ते आणखी दुबळे होतात. उंच काठी उभारावी, बूस्टर लावावा, एकाने छपरावर चढून अँटेना फिरवावा आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं" असे ओरडून सांगावे, हा प्रकार जुन्या मंडळींच्या चांगला स्मरणात आहे. मुंग्या आलेल्या चित्रातही माणूस ओळखू येई आणि आवाज तर बहुधा ऐकू येई.

नवी पद्धत

नव्या 'डिजिटल' पद्धतीत चित्राचे व आवाजाचे प्रथम आकड्यांत रूपांतर करतात, आणि हे आकडे केवळ दोन खुणांनी, म्हणजे शून्य व एक यांनी, लिहितात. रात्री दूरच्या टेकडीवरून कंदिलाने खूण करावयाची असेल, तर कंदील दिसतो किंवा दिसत नाही एवढेच पाहावे लागते. त्याचा उजेड किती मंद आहे याला महत्त्व नसते. तद्वत संचाजवळच्या यंत्रालाही आलेली खूण शून्याची की एकाची एवढेच ठरवावयाचे असते. त्यामुळे प्रवासात तरंग काहीसे दुबळे झाले तरी चित्र मुळाइतकेच स्वच्छ उमटते.

याशिवाय आकड्यांबरोबर पडताळ्याचे आकडेही पाठविलेले असतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट पाठविताना आपण गाडीबरोबर नगांची चिठ्ठी देतो. एखादा क्रेट कमी भरला तर चिठ्ठीवरून तो तात्काळ ध्यानात येतो. नवी पद्धत याच्याही पुढे जाते. थोडे आकडे वाटेत गहाळ झाले, तर पडताळ्याच्या आकड्यांवरून ते कोणते असावेत हे यंत्र शोधून काढते व भरून घेते.

परंतु याला एक मर्यादा आहे. गहाळ झालेले आकडे ठराविक प्रमाणापलीकडे गेले की यंत्राचा हिशेब जुळत नाही. मग चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि क्षणात पडदा कोरा होतो. जुन्या पद्धतीत चित्र हळूहळू खराब होत जाई. नव्या पद्धतीत ते एक तर उत्तम दिसते, नाही तर मुळीच दिसत नाही. हा फरक नीट समजून घ्यावा, कारण पुढील बऱ्याच अडचणींचे मूळ त्यातच आहे.

नव्या पद्धतीचा मोठा लाभ असा की, जुन्या पद्धतीने एक वाहिनी पाठविण्यास जेवढी जागा लागे, तेवढ्या जागेत आता अनेक वाहिन्या मावतात. जगातील बहुतेक देशांनी ही पद्धत स्वीकारली ती मुख्यतः याच कारणाने. अमेरिकेत १२ जून २००९ रोजी मोठी ॲनालॉग केंद्रे बंद झाली. तत्पूर्वी जुन्या संचाला जोडावयाचा डबा घेता यावा म्हणून तेथील सरकारने कुटुंबांना ४० डॉलरची कुपने दिली होती. ब्रिटनमध्ये हा बदल २००७ ते २०१२ या काळात विभागवार करण्यात आला. जपानमध्ये जुलै २०११ मध्ये ॲनालॉग प्रक्षेपण थांबविले, परंतु त्या वर्षीच्या भूकंपाने व त्सुनामीने पीडित झालेल्या तीन प्रांतांना मार्च २०१२ पर्यंत मुदत वाढवून दिली.

आपल्याकडे बदल कसा झाला

आपल्या देशात हा बदल दोन निरनिराळ्या मार्गांनी झाला आणि त्यामुळेच पुष्कळांचा गोंधळ उडाला.

पहिला मार्ग केबलचा. २०११ साली केबलविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन केबलवरील प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याचे ठरले. मुंबईचा समावेश पहिल्या टप्प्यात होऊन तेथे २०१२ च्या अखेरीस हा बदल झाला. पुणे व पिंपरी-चिंचवड ही शहरे दुसऱ्या टप्प्यात होती. त्यांची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. उरलेल्या शहरांची मुदत वाढत वाढत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत आणि ग्रामीण भागाची ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली. तेव्हापासून केबलची तार थेट संचाला जोडून भागत नाही. मध्ये सेट-टॉप बॉक्स, ज्याला आपण नुसते 'बॉक्स' किंवा 'डबा' म्हणतो, तो लागतो.

दुसरा मार्ग दूरदर्शनच्या मनोऱ्यांचा. केबलचा बदल गाजावाजा होऊन झाला, तर हा बदल पुष्कळ ठिकाणी कोणाच्या ध्यानातही आला नाही. दूरदर्शनने आपली ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे क्रमाक्रमाने बंद केली, आणि सामरिक महत्त्वाच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता उरलेली सर्व केंद्रे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करावयाचे ठरविले. यास्तव काठीवरच्या जुन्या अँटेनावर चित्र येईल ही आशा आता ठेवू नये. अँटेना फिरविण्यात, बूस्टर बदलण्यात किंवा संच दुरुस्तीला नेण्यात पैसा व श्रम खर्च करणे व्यर्थ होय.

कोणता मार्ग पत्करावा

आज खेडेगावातील कुटुंबापुढे तीन मार्ग आहेत.

(१) केबल : जेथे दाट वस्ती आहे व केबलचालक जवळ आहे, तेथे हा मार्ग सोयीचा असतो. बिघाड झाल्यास माणूस लवकर येतो. परंतु दरमहा आकार द्यावा लागतो, आणि मळ्यातील एकट्या घरापर्यंत तार येणे कठीण असते.

(२) सशुल्क छत्री : खासगी कंपन्यांची ही सेवा कोठेही मिळू शकते, हिलाही ठराविक मुदतीने रिचार्ज करावा लागतो. केबल व सशुल्क छत्री या दोहोंसाठी १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती लागू झाली. त्या वेळी पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीचा मासिक आकार कर वगळून जास्तीत जास्त १३० रुपये ठरविला होता, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे होते. त्यानंतर हे नियम बदलले आहेत. म्हणून पैसे देण्यापूर्वी चालू दर विचारून घ्यावा आणि आपण कोणत्या वाहिन्यांचे पैसे देतो याची यादी मागावी. दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या दाखविणे सर्व चालकांना बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्यावे.

(३) दूरदर्शनची मोफत छत्री : 'डीडी फ्री डिश' या नावाने ओळखली जाणारी ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये निराळ्या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. हिला मासिक आकार नाही आणि रिचार्जही नाही. छत्री, डबा व तार यांचा खर्च एकदाच करावा लागतो. तो साधारणतः दोन हजार रुपयांच्या आसपास येतो, परंतु ठिकाणानुसार व मालाच्या प्रतीनुसार कमीअधिक होतो. सह्याद्री वाहिनी, तसेच २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली डीडी किसान ही शेतकऱ्यांसाठीची वाहिनी, या मार्गाने विनामूल्य पाहता येतात.

ज्या कुटुंबाला मुख्यतः बातम्या, हवामान व शेतीविषयक कार्यक्रम पाहावयाचे आहेत, त्याने तिसरा मार्ग प्रथम विचारात घ्यावा. ज्याला क्रिकेटचे सर्व सामने किंवा सर्व मालिका हव्या असतील, त्याला तो पुरा पडणार नाही. कुटुंबाची गरज आधी ठरवावी व खर्च मागून करावा. बी-बियाणे घेताना आपण हाच नियम पाळतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या एका योजनेत दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांतील आठ लाखांहून अधिक कुटुंबांना असे डबे मोफत देण्याची तरतूद होती. आपल्या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी वाड्यांनी अशा तरतुदीचा लाभ आपणास मिळू शकतो काय, याची चौकशी ग्रामपंचायतीमार्फत करावी.

छत्री बसविताना

आपल्या तालुक्यास मोठ्या थाळ्या नवीन नाहीत. आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले, आणि खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या तर नारायणगावकडे जाता-येता आपण पाहतोच. घरावरच्या छत्रीचे तत्त्व तेच आहे. अतिशय दुबळे तरंग मोठ्या वाटोळ्या पृष्ठभागावर झेलावयाचे आणि ते एका बिंदूवर एकत्र करावयाचे. त्या बिंदूवर जे लहानसे यंत्र बसविलेले असते, त्याला 'एलएनबी' म्हणतात.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्याची गती पृथ्वीच्या फिरण्याशी जुळलेली असल्यामुळे तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. म्हणून छत्री एकदा नीट रोखली की पुन्हा फिरवावी लागत नाही. मोफत सेवेचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. लेण्याद्री परिसरातून पाहता तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. लेण्याद्रीच्या डोंगराकडे पाठ करून जुन्नरकडे, म्हणजे दक्षिणेकडे, तोंड करून उभे राहिल्यास समोरची बाजू व डावा हात यांच्या बरोबर मध्ये ही दिशा पडते. नेहमीच्या छत्र्यांची घडण अशी असते की त्या दिसतात त्यापेक्षा अधिक वर पाहत असतात. म्हणून थाळी बरीच उभी दिसली तरी ती चुकली आहे असे समजू नये. सशुल्क कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असू शकतात. त्यांच्या छत्रीची दिशा पाहून आपली छत्री रोखू नये.

पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(अ) आग्नेय दिशेस झाड, भिंत किंवा पाण्याची टाकी आडवी नसावी. अडथळा छत्रीपेक्षा जितका उंच असेल, निदान तितका तो दूर असावा. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या झाडाआडून चित्र येते, आणि पालवी फुटली की जाते. चित्र गेल्याचे हे कारण पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही.

(आ) खांब ओळंब्यात उभा असावा आणि तो सिमेंटमध्ये किंवा भिंतीत पक्का बसवावा. छत्री दोन-तीन अंश जरी हलली तरी चित्र जाते. पत्र्याच्या छपराला नुसती बांधलेली छत्री वाऱ्याने हलल्यावाचून राहत नाही. लेण्याद्रीच्या आसपास माकडांचा वावर असल्यामुळे ती सहज पोहोचणार नाहीत अशी जागा निवडावी.

(इ) तारेच्या जोडात पाणी शिरू देऊ नये. जोडावर चिकटपट्टी गुंडाळावी, आणि तार घरात शिरण्यापूर्वी तिला खाली थोडा झोल द्यावा. म्हणजे पाणी झोलावरून गळून पडते व आत येत नाही.

(ई) एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशी मातीचे घर करते. पावसाळ्यापूर्वी एकदा ते तपासून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

(उ) वीज कडाडू लागताच डब्याची व संचाची पिन काढून ठेवावी आणि छत्रीची तारही डब्यापासून सोडवावी. गडगडाट सुरू असताना छत्री नीट करण्यासाठी छपरावर कोणीही चढू नये. चित्र दुसऱ्या दिवशी पाहता येते.

जुना संच व नवा डबा

पुष्कळांची समजूत अशी आहे की डिजिटल पद्धतीसाठी पातळ पडद्याचा नवा संच घ्यावा लागतो. ती खरी नाही. जुन्या जाड संचाच्या मागे किंवा बाजूस पिवळे, पांढरे व तांबडे असे जोड असतील, तर डब्याच्या त्याच रंगांच्या पिना त्यांत घालाव्या व संचावर 'एव्ही' हा पर्याय निवडावा, चित्र येते. उलट, नवा संच आणला म्हणजे आपोआप चित्र येते असेही नाही. त्यालाही केबल किंवा छत्री जोडावीच लागते. छत्रीची तार थेट घेण्याची सोय काही नव्या संचांत असते. ती असल्यास मोफत सेवेसाठी वेगळा डबा घेण्याची आवश्यकता नसते. विकत घेतेवेळीच हे विचारून घ्यावे.

मोफत सेवेचे डबे दोन प्रकारचे आहेत. जुन्या प्रकारच्या, म्हणजे एमपेग-२ डब्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. नव्या प्रकारचा, म्हणजे एमपेग-४ डबा दोन्ही तऱ्हेच्या वाहिन्या दाखवितो. नव्याने खरेदी करणाऱ्याने दुसराच घ्यावा.

वाहिन्यांच्या जागा अधूनमधून बदलतात. एखादी वाहिनी एकाएकी नाहीशी झाली तर डबा बिघडला असे समजू नये. रिमोटवरील 'मेनू' दाबून वाहिन्या नव्याने शोधण्याचा, म्हणजे 'स्कॅन'चा, पर्याय घ्यावा. काही मिनिटांत डबा वाहिन्या शोधून पुन्हा क्रमाने लावतो. हे काम घरातील शाळकरी मूलही करू शकते. ते आजी-आजोबांनाही शिकवून ठेवावे.

जाड संच पूर्णपणे निकामी झाला असल्यास तो फोडू नये आणि उकिरड्यात, विहिरीत किंवा बांधावर टाकू नये. त्याच्या काचेत शिसे असते. ते जमिनीस व पाण्यास घातक आहे. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा.

पावसाळ्यातील उणीव

नव्या पद्धतीची एक उणीव शेतकऱ्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सिंहगडावरून येणाऱ्या जुन्या तरंगांची लांबी सुमारे दीड मीटर होती. त्यांच्यापुढे पावसाचे थेंब नगण्य होते. उपग्रहावरून छत्रीकडे येणाऱ्या तरंगांची लांबी सुमारे पावणेतीन सेंटीमीटर एवढीच असते. जोराच्या पावसात आणि दाट ढगांतून येताना त्यांचा बराच भाग पाण्यात शोषला व विखुरला जातो. वर सांगितलेली मर्यादा ओलांडली की पडदा कोरा होतो. म्हणजे ज्या घटकेला हवामानाचा इशारा सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्याच घटकेला छत्री मुकी होण्याचा संभव असतो.

आणे पठारासारख्या कमी पावसाच्या भागात हे क्वचित घडेल. परंतु माळशेज, नाणेघाट आणि भीमाशंकर या बाजूंच्या गावांत मुसळधार पाऊस दिवसेंदिवस चालतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील मालीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर डोंगर-उतारावरच्या वस्तीला पावसाचा इशारा वेळेवर मिळण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. म्हणून अशा गावांनी केवळ छत्रीवर विसंबून राहू नये. पुढील व्यवस्था घरोघर असावी :

पहिली, सेलवर चालणारा रेडिओ. वीज गेली व छत्री बंद पडली तरी तो चालतो. पावसाळ्यापूर्वी त्यात नवे सेल घालावेत.

दुसरी, हवामान विभागाचा अंदाज पाऊस सुरू होण्यापूर्वी, आकाश मोकळे असतानाच पाहण्याची सवय. पुढील दिवसांचा अंदाज आधीच माहीत असला म्हणजे ऐन पावसात पडद्याकडे डोळे लावून बसावे लागत नाही.

तिसरी, मोबाईल. शेतीविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर विनामूल्य व मराठीत विचारता येते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी हवामान व पीकसल्ल्यासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही ॲप घ्यावीत. जेथे मोबाईलला रेंज नाही अशा वाडीत, रेंज मिळते त्या जागेवरून सकाळ-संध्याकाळ अंदाज पाहून सर्वांना कळविण्याचे काम एका तरुणाने पत्करावे.

फसवणुकीपासून सावधगिरी

नवी वस्तू आली की तिच्याबरोबर अज्ञानाचा फायदा घेणारेही येतात. एका वाडीत कीड-सर्वेक्षणासाठी गेलो असता एका वृद्ध आजींनी मला पाणी दिले आणि "साहेब, तेवढं हे बघा" म्हणून एक चिठ्ठी पुढे केली. छत्री बसवून देणारा माणूस त्यांच्याकडून दर काही महिन्यांनी 'रिचार्ज'चे पैसे घेऊन जात होता. छपरावर पाहिले तर छत्री मोफत सेवेची होती. तिला रिचार्ज नसतोच, असे मी सांगितले तेव्हा आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "कोंबड्या इकून दिलं हुतं त्याला." आजींनी कार्यक्रम पाहण्यासाठी पैसे दिले नव्हते, मुलगा कामासाठी शहरात असतो, घरात कोणाचा तरी आवाज असावा, म्हणून दिले होते.

अशी फसवणूक टाळण्यासाठी खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत : ही सेवा मोफत की सशुल्क? सशुल्क असल्यास दरमहा नेमके किती रुपये? बिघाड झाल्यास कोण येणार व त्याचा आकार काय? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. मोफत सेवा चालू ठेवण्यासाठी पैसे मागणारा फोन आल्यास पैसे देऊ नयेत, आणि मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये.

गावाने करावयाचे काम

ज्या गावात तरुण मंडळ किंवा महिला बचत गट आहे, तेथे एक दिवस ठरवून घरोघरची पाहणी करावी. कोणत्या घरात चित्र येत नाही, का येत नाही आणि काय केले असता ते येईल, एवढे टिपून घ्यावे. कित्येक घरांत एक पिन नीट बसविणे, जोड पुसणे किंवा वाहिन्या पुन्हा शोधणे एवढ्यानेच काम भागेल. एकटी राहणारी वृद्ध माणसे आणि मळ्यांतील तुटक घरे यांच्याकडे प्रथम जावे, कारण विचारावयास ती आपण होऊन येत नाहीत. समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एक छत्री, एक संच आणि एक रेडिओ चालू स्थितीत ठेवता आला तर फारच उत्तम. आपल्या देशात दूरचित्रवाणीवरील शेतीचा कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीजवळच्या ८० गावांसाठी सुरू झाला, तेव्हा तोही गावकऱ्यांनी एकत्र बसूनच पाहिला होता.

द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाची सूचना एक रात्र आधी मिळाली तर तो फवारणीचा निर्णय वेळेवर घेऊ शकतो. कांदा काढून शेतात ठेवणाऱ्याला तो झाकता येतो. भाताची रोपे लावणाऱ्याला दिवस निवडता येतो. ही सूचना आज पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ चित्रात व अधिक वाहिन्यांवर उपलब्ध आहे. ती आपल्या घरात पोहोचते की नाही, हे मात्र प्रत्येकाने तपासून पाहावे. पेरणीपूर्वी आपण बियाण्याची उगवण तपासतो, त्याचप्रमाणे मृगापूर्वी छत्री, डबा व रेडिओ यांचीही तपासणी करावी.

ज्या शेतकऱ्याच्या प्रश्नावरून हा विषय निघाला, त्यांचा जुना संच आता मोफत छत्रीवर चालू झाला आहे. काठीवरचा अँटेना त्यांनी उतरविला असून ती काठी घेवड्याच्या मांडवाला लावली आहे.